चार तपासण्या

मी स्वभावाने चांगली बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. घरचे म्हणतात, वयानं निवळलीस. निवळले कसली, आता समोर भांडायला कुणी उरलं नाही, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. सातपूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्यात होते. कारखाना विहिरीवरच्या मोटरींचे स्टार्टर बनवायचा. आमचं खातं म्हणजे काचेची एक गार खोली. दारात चपला काढायच्या, आत कपाटाएवढं मशीन, दोन टर्मिनलं, एक प्रिंटर आणि आम्ही दोघं. मी चोवीस वर्षांची, पुण्याला शिकून आलेली, इंग्रजी फाडफाड आणि नाक वर. दुसरे भाऊ.

भाऊ चाळिशीला टेकलेले होते. मूळचे नांदगावकडचे, नाशकात बौद्ध कॉलनीत दोन खोल्यांत राहायचे. सत्तरच्या सुमारास ते तपासणी खात्यात कारकून म्हणून लागले. पुढे कारखान्यात मशीन आलं, त्याच्यासोबत जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली, आणि ती फक्त यांनीच उघडून बघितली. शेजारी डिक्शनरी ठेवून, पट्टीने ओळ धरून त्यांनी ती वाचून काढली. मग दोन-तीन वर्षं खपून स्वतःची एक छोटी भाषाच तयार केली. कामगार तिला 'हाक' म्हणायचे. आणि त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत.

हाक कशासाठी होती ते सांगते, फार अवघड नाही. तयार झालेला प्रत्येक स्टार्टर टेस्टिंगच्या बेंचवर चढवायचा, त्यातून जादा करंट सोडायचा आणि तो ठरलेल्या सेकंदांत ट्रिप होतो का, म्हणजे आपोआप बंद पडतो का, ते बघायचं. नाही पडला तर तिकडे शेतात मोटर जळणार. पूर्वी फिटर घड्याळ हातात धरून हे करायचे. भाऊंनी बेंच मशीनला जोडला आणि फिटरांना त्यांच्याच शब्दांत हुकूम देता येतील अशी सोय केली. 'तापव', 'वाच', 'थांब', 'गरमी' अशी नावं. फिटरने टेस्टशीटमध्ये नावं टाकायची. मशीन नाव वाचायचं, त्या क्षणी त्या नावाचा प्रोग्रॅम यादीत शोधायचं आणि चालवायचं.

शोधण्याआधी-नंतर मिळून चार तपासण्या व्हायच्या. यादीत असं नाव आहे का? या बेंचला ते बोलवायची परवानगी आहे का? सोबत जेवढे आकडे द्यायला हवेत तेवढे दिलेत का? आणि ते हव्या त्या प्रकारचे आहेत का? चारही बरोबर असतील तर आकडे एका डब्यात बांधायचे, प्रोग्रॅमच्या हाती द्यायचे, त्याने डबा सोडायचा आणि काम सुरू करायचं. दर वेळी. 'वाच' म्हणजे करंट किती ते वाचणं. एका स्टार्टरला ते शेकडो वेळा व्हायचं, आणि शेकडो वेळा हे सगळे सोपस्कार पहिल्यापासून. काम चिमूटभर आणि चौकशी पोतंभर.

मला त्याची चीड यायची. खरं सांगायचं तर मला भाऊंचीच चीड यायची. खात्यात कायम जागा एकच होती. मी प्रोबेशनवर आणि भाऊ तपासणी खात्यातून उसने आणलेले. वर्षअखेरीला साहेब दोघांपैकी एकाला ठेवणार होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या घरी बाबांनी इगतपुरीचं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा रेल्वेत, आणि घर असं, की पावसाचे चार महिने कपडे वाळत नाहीत. नोकरी पक्की झाली तर मी नाही म्हणू शकणार होते, नाही झाली तर मुकाट्याने बोहल्यावर उभी राहणार होते. भाऊंना ती जागा का हवी होती, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. त्यांनी स्वतः बनवलेली गोष्ट त्या खोलीत होती आणि त्यांना तिच्यापाशी बसायचं होतं.

पहिल्या आठवड्यात ते मला ताई म्हणाले. मी टर्मिनलवरून मान न वळवता म्हटलं, "मॅडम म्हणा." फिटर लोक प्रिंटआउट न्यायला आलेले होते, त्यांच्यासमोर. भाऊ म्हणाले, "बरं, मॅडम." त्यानंतर त्यांच्या तोंडून ताई कधी आलं नाही. जातीवरून मी त्यांना कधी एक अक्षर बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत होते. बोलायला कशाला लागतं? मी माझा डबा त्यांच्या टेबलापासून लांब खिडकीत ठेवायचे आणि ते बघायचे.

खात्यात एक रजिस्टर होतं. एकाने प्रोग्रॅममध्ये बदल केला की दुसऱ्याने तो ओळीओळीने वाचायचा आणि सही करायची, मगच तो मशीनवर चढायचा. सुरुवातीला भाऊ माझा प्रत्येक बदल पट्टी लावून वाचायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण त्यांना एकही चूक सापडली नाही, कारण चूक नसायचीच. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मॅडम, तुमचं काम चोख असतं," ते म्हणाले, "आता बघायची गरज नाही." त्या दिवसापासून मी रजिस्टर पुढे सरकवायचे आणि ते न बघता सही करायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांनी दुसरा बेंच जोडायचं काढलं. मशीन आधीच धापा टाकत होतं आणि नवीन मशीनला वरून नकार आला होता. साहेब म्हणाले, हाक जलद करा, नाहीतर गुंडाळा. भाऊंचा चेहरा उतरला. माझा खुलला.

माझी कल्पना साधी होती. टेस्टशीटमध्ये एका जागी 'वाच' लिहिलंय. पहिल्यांदा तिथे पोचलो की यादी शोधा, चारही तपासण्या करा. मग त्या प्रोग्रॅमचा मशीनमधला पत्ता त्याच जागी टिपून ठेवा. पुढच्या वेळी यादी नको, तपासण्या नकोत, डबा बांधणं नको, थेट पत्त्यावर जा. शीट सकाळपासून गोल फिरत असते. एकदा चौकशी केली की दिवसभर पुरली पाहिजे. मी चार दिवसांत ते लिहून काढलं आणि प्रिंटआउट भाऊंपुढे टाकलं.

भाऊंनी ते सगळं वाचलं. या वेळी पट्टी लावून वाचलं. मग मान हलवली. "छान आहे," म्हणाले. कौतुकच होतं ते, आणि मला तेही सोसवेना. मग म्हणाले, "पण मॅडम, मधेच यादी बदलली तर?"

"मधेच कोण बदलतंय यादी?"

"फिटर बदलतात. दुपारपाळीला."

आणि त्यांनी मला सांगितलं. स्टार्टरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकली की स्टार्टर ट्रिप होतो. आता पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी गार असतं आणि दुपारी अंगाची लाही होते. शेडच तापलेली, म्हणजे पट्टी आधीच थोडी वाकलेली. तोच स्टार्टर दुपारी लवकर पडणार. म्हणून एका जुन्या फिटरने पास-नापास ठरवणाऱ्या 'गरमी'च्या दोन आवृत्त्या करून घेतल्या होत्या, सकाळची आणि दुपारची. नाव एकच, म्हणजे शीटला हात लावायला नको. साडेतीनला पाळी बदलली की दुपारचा फिटर सकाळची 'गरमी' काढून आपली टाकायचा; दुसऱ्या दिवशी शीट सुरू व्हायच्या आधी पुन्हा सकाळची चढायची. शीट चालूच. कारण शीट थांबवायची तर आमच्या खात्याची चिठ्ठी लागे आणि बेंच पुन्हा शून्यावर आणण्यात तास जाई. चिठ्ठीसाठी काचेच्या दारात चपला काढून उभं राहायचं त्यांच्या जिवावर यायचं. मी कशी वागवायचे, त्यांना माहीत होतं.

"म्हणून दर वेळी शोधतो आपण," भाऊ म्हणाले. "तुमचं ठेवा, फक्त एक करा." आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढून प्रिंटआउटच्या समासात लिहिलं: 'यादी बदलली की टिपलेले सगळे पत्ते पुसायचे. पुन्हा शोधायचं.' खाली तारीख टाकली आणि स्वतःची बारीक सही केली. तसंच वळण होतं त्यांना.

"घालते," मी म्हणाले.

मी ते घातलं नाही. साहेबांपुढे दाखवायचं दुसऱ्या दिवशी होतं. तीन ओळींचं काम होतं, फार तर अर्धा तास. वेळ नव्हता असं मी म्हणू शकते, पण वेळ होता. ते घातलं असतं तर साहेबांना सांगावं लागलं असतं, की हे भाऊंनी सुचवलं. तेवढ्यासाठी मी ते घातलं नाही. मी रजिस्टर पुढे सरकवलं. भाऊंनी विचारलं, "ते घातलंत ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी न बघता सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, सोबत प्रॉडक्शनचे दोघं-तिघं. आधी मी जुनी हाक चालवली. बेंचवर स्टार्टर, स्क्रीनवर ओळी रखडत चाललेल्या. मग माझी चालवली. ओळी धो धो सुटल्या. साहेबांचा चहा निम्मा व्हायच्या आत ते झालंसुद्धा. साहेब हसून म्हणाले, "आधी एवढा वेळ करत काय होतं हे?"

मी म्हटलं, "चौकशी, साहेब. नाव काय, परवानगी आहे का, सोबत काय आणलंय. दर वेळी, पहिल्यापासून." मग थांबून म्हटलं, "भाऊ घरीसुद्धा वहिनींना रोज नाव विचारूनच दार उघडत असतील."

सगळे हसले. साहेब तर चहाचा ठसका लागेपर्यंत हसले. भाऊही हसले, म्हणजे ओठ तेवढे लांब केले आणि खाली बघून पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चाचपत राहिले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याआधी मला कारखान्यात कधी वाटलं नव्हतं.

ते वाक्य नंतर कारखानाभर झालं. कँटीनमध्ये भाऊ रांगेत आले की कुणीतरी ओरडायचं, "नाव सांगा आधी, मग उसळ." मी ऐकायचे आणि भात कालवायचे.

मे महिन्यात दुपारपाळीचा फिटर काचेच्या दारात आला. भाऊ त्या वेळी शेडमध्ये गेलेले होते. "मॅडम, दुपारचे स्टार्टर लय हट्टी झालेत," तो म्हणाला. "एक बी पास होत नाय. लवकर पडतो म्हणून नापास. स्क्रू ढिला करावा लागतोय, मंग पास." मला तिथेच कळलं. त्याने दुपारची 'गरमी' यादीत टाकली होती, पण माझी हाक यादीकडे बघतच नव्हती. टिपलेल्या पत्त्यावर सकाळची 'गरमी' बसलेली, गारव्याच्या हिशेबाने तापलेले स्टार्टर तपासत. ते तिला लवकर पडल्यासारखे वाटणार, आणि फिटर स्क्रू सैल करून ते उशिरा पडायला लावणार. थंडीत असले स्टार्टर पडणारच नाहीत. एवढं सगळं मला त्याच्या दोन वाक्यांत कळलं, आणि मी म्हणाले, "मग स्क्रू नीट फिरवा. मशीनला दोष देऊ नका."

तो गेला. चार पावलांवर शेडमध्ये भाऊ होते. त्यांना हाक मारून सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तीन ओळी घालाव्या लागल्या असत्या, आणि त्या का नव्हत्या हे साहेबांना सांगावं लागलं असतं. पुढे पाऊस लागला, शेड गार झाली, सकाळची 'गरमी' दुपारीही चालून गेली आणि फिटर गप्प बसला. मी ते मनातून काढून टाकलं. काढून टाकता येतं हो, काही अवघड नसतं.

थंडी पडली आणि येवल्याकडून तक्रारी यायला लागल्या. कांद्याला पाणी द्यायचे दिवस, आणि मोटरी जळत होत्या. एक शेतकरी तर गोणपाटात स्टार्टर बांधून एसटीने थेट गेटवर आला. "मोटर पार कोळसा झाली," तो सांगत होता. "ह्यो बसलाय तसाच. पडलाच नाय." सर्व्हिसवाल्यांनी नंबर काढले. सगळे एप्रिल-मेचे, सगळे दुपारपाळीचे. मग टेस्टिंग आणि मग आमचं खातं.

साहेबांनी चौकशी लावली. त्या दिवशी सकाळी मी घरी डबा भरत होते. कॉम्प्युटरची रद्दी आम्ही सगळेच घरी न्यायचो. हिरव्या पट्ट्यांचा तो रुंद कागद कुणी मुलांच्या वह्यांना घालायचे, कुणी फळीवर अंथरायचे. आईने स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरला होता. मी लोणच्याची बरणी उचलली आणि खाली तेलाच्या गोल डागात भाऊंचं अक्षर दिसलं. 'यादी बदलली की टिपलेले सगळे पत्ते पुसायचे.' तारीख. सही. तेलाने पेन्सिल उलट आणखी काळी दिसत होती.

आई म्हणाली, "काय बघतेस? उशीर होतोय ना?"

"काही नाही," मी म्हणाले आणि बरणी पुन्हा त्याच्यावर ठेवली.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं, साहेब आणि सर्व्हिसचे एक जण होतो. मधे टेबलावर रजिस्टर उघडं. साहेबांनी विचारलं, "पत्ता टिपून ठेवायची आयडिया कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. तिथे खोटं बोलायचं कारणच नव्हतं. "पण यादी मधेच बदलतात हे मला माहीत नव्हतं, साहेब. हाक भाऊंनी बनवलीय. म्हणून तर त्यांची सही घेतली."

भाऊंनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना राग आलेला नव्हता. मी काहीतरी विसरतेय असं त्यांना वाटलं. "मॅडम, मी लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "समासात. पेन्सिलीने. तो कागद तुमच्याकडे आहे."

"कुठला कागद?"

"तुम्ही प्रिंटआउट आणलंत ना, त्याच्यावर. यादी बदलली की..."

"भाऊ," मी म्हणाले, अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखं, "असा कागद असता तर मी ते घातलं नसतं का? तीन ओळींचं काम आहे."

या वेळी त्यांना कळलं. मी त्यांच्या डोळ्यांत ते कळताना बघितलं आणि नजर काढली नाही. आधी काढली असती तर साहेबांना दिसलं असतं.

साहेबांनी रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. "ही सही तुमचीच?"

"हो."

"सही करताना वाचलं होतंत?"

"नाही, साहेब."

"का नाही वाचलंत?"

"मॅडमचं काम चोख असतं," भाऊ म्हणाले.

"मग सही कशाला करता?" साहेब म्हणाले. "अंगठाच द्यायचा."

भाऊंना तपासणी खात्यात परत पाठवलं. तिथेही त्यांना स्टार्टरजवळ कुणी बसू देईना, म्हणून दोनेक महिन्यांत मटेरियल गेटवर बसवलं, आत-बाहेर जाणाऱ्या वस्तूंचे पास बघायला. माझी जागा कायम झाली. इगतपुरीला नकार कळवला. पहिल्याच आठवड्यात मी त्या तीन ओळी घातल्या. यादी बदलली की सगळे पत्ते पुसले जायचे आणि एकदा पुन्हा शोध व्हायचा. दिवसातून एकदा, साडेतीनला. वेगात काहीच फरक पडला नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि भाषेचं नाव बदलायला सांगितलं. मी बदललं.

पुढच्या दिवाळीला आईने फळ्या पुसल्या, जुने कागद गोळा केले आणि बंबात घातले. मी बघत उभी होते. म्हटलं असतं तर एक कागद काढून घेता आला असता. त्या पाण्याने मी अभ्यंगस्नान केलं.

गेटवर मात्र रोज गाठ पडायची. रद्दी बाहेर न्यायची तर आता मटेरियल गेटवरून, पास घेऊन. टेबलामागे भाऊ. केस एका वर्षात पांढरे झालेले. समोर जाड वही आणि तीच पट्टी.

"नाव?" ते विचारायचे.

मी सांगायचे.

"खातं?"

"कॉम्प्युटर."

"पास?"

मी द्यायचे.

"पिशवीत काय?"

"रद्दी."

मग ते पिशवीतले कागद बाहेर काढायचे आणि एक एक उलटून बघायचे, दोन्ही बाजूंनी, समास बोटाने चाचपत. पाठीमागे रांग लागायची, लोक कुरकुरायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "भाऊ, वहिनींना सोडा आता," आणि सगळे हसले. भाऊंनी मान वर केली नाही. पुढचा कागद उलटला.

असं किती दिवस चाललं असेल? तीन वर्षं. मी रद्दी न्यायची बंद करू शकले असते, पण हट्टाने नेत राहिले. दमतील, ओळखीने सोडून देतील, असं वाटायचं. ते दमले नाहीत. रोज चार प्रश्न, त्याच क्रमाने, आवाजात राग नाही, टोमणा नाही. तेवढ्याने मला वेड लागायची पाळी आली. शेवटी एका संध्याकाळी बस सुटत होती आणि ते सावकाश तिसरा कागद उलटत होते, तेव्हा माझा तोल गेला.

"रोज रोज काय हे?" मी म्हणाले. रांगेतले लोक ऐकत होते, तरी. "तीन वर्षं झाली. तुम्ही ओळखत नाही का मला?"

भाऊंनी कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"ओळखतो, ताई," ते म्हणाले. "एकदा ओळखलं म्हणून बघायचं सोडलं होतं."

मग त्यांनी उरलेले कागद उलटून बघितले, गठ्ठा नीट जुळवला आणि वही पुढे ओढली.

"नाव?"

बस निघून गेली होती. मी नाव सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.